बाजाराचा बटवा वेगळा, घरचं कपाट वेगळं

माझ्या सासूबाई बुधवारी गोदाघाटावरच्या बाजाराला जायच्या तेव्हा कमरेला एक कापडी बटवा खोचलेला असायचा. त्यात मोजून दोनशे रुपये. बाकीचे पैसे कपाटात आणि कपाटाची किल्ली देवघरात, समईच्या मागे. गर्दीत त्यांचा बटवा दोनदा मारला गेला. दोन्ही वेळा त्या आठवड्याची भाजी गेली, पण पोरांची फी गेली नाही, वाण्याची उधारी थकली नाही.

मी मात्र कित्येक वर्षं फोनमध्ये अख्खं कपाट घेऊन फिरत होते.

मी नाशकात, इंदिरानगरात राहते. येवल्याच्या विणकरांकडून पैठणीचे दुपट्टे, स्टोल आणि थोड्या साड्या आणते आणि घरूनच विकते. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, पैसे यूपीआयवर, माल कुरिअरने जातो. पॅकिंगच्या पिशव्या, खोकी, लेबलं मी ऑनलाइन मागवते. म्हणजे मी गिऱ्हाईकही आहे आणि दुकानदारही. दोन्ही बाजूंनी पैसे कुठे गळतात ते मला आता नीट माहीत आहे, कारण ते माझेच गळले.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. पुण्याच्या एका ताईंचं पार्सल चार दिवस अडकलं होतं. मी कुरिअर कंपनीचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधला आणि जो पहिला दिसला तो लावला. तो नंबर कंपनीचा नव्हताच. पलीकडचा माणूस अगदी नम्र. म्हणाला, "मॅडम, पत्ता अपूर्ण आहे म्हणून पार्सल थांबलंय. मी लिंक पाठवतो, पाच रुपये भरा, उद्या डिलिव्हरी होईल." लिंकवरून एक अ‍ॅप उतरलं, त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, मी दिली. मग एक पान उघडलं, त्यात डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. पाचच रुपये तर होते. फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. पाऊण तासाने फोन बघितला तर २४,९९९ आणि १९,९०० अशा दोन रकमा गेलेल्या. ओटीपी मी कुणालाच सांगितला नव्हता. ते अ‍ॅपच माझे मेसेज पुढे पाठवत होतं.

ते खातं घराचं होतं. त्यातच मुलाच्या कॉलेजची फी, त्यातच विणकरांना द्यायचे पैसे. आणि त्याच खात्याचं कार्ड मी सगळीकडे वापरत होते.

त्यानंतर मी बरंच वाचलं, बँकेत आणि सायबर पोलीस ठाण्यात हेलपाटे मारले, आणि आता आमच्या बचत गटातल्या बायकांना हे सगळं हाताला धरून करून देते. चोर ओळखायला शिका, असं सगळे सांगतात. शिकावंच. पण पोळी तव्यावर असताना, मूल तापाने फणफणलेलं असताना, दिवाळीची चाळीस पार्सलं दारात पडलेली असताना कुठलाही शहाणा माणूस फसू शकतो. म्हणून मी पहिल्यांदा ओळखायला शिकवत नाही. पहिल्यांदा पैसे वेगळे करायला लावते.

बटवा कसा शिवायचा

एक दुसरं बचत खातं उघडा. किमान शिल्लक ठेवायची अट नसलेलं मूलभूत बचत खातं चालेल, पण तुमच्या मुख्य बँकेत तुमचं बचत खातं आधीच असेल तर हे दुसऱ्या बँकेत उघडावं लागेल. ते बरंच आहे, कारण दोन्ही एका छताखाली नकोतच. या खात्याला मुदत ठेव जोडू नका. शिल्लक संपली की ठेव आपोआप मोडून पैसे खात्यात आणणारी एक सोय असते, तिला स्वीप म्हणतात. ती सोय इथे असली तर बटव्याला कपाटाचं भोक पाडल्यासारखं होईल. ओव्हरड्राफ्टही, म्हणजे शिल्लक संपल्यावरही बँकेने उसने पैसे काढू देण्याची सोय, नको.

यूपीआय फक्त याच खात्याला जोडा. ऑनलाइन खरेदीला याचंच कार्ड. दर सोमवारी मी मुख्य खात्यातून यात आठवड्यापुरते पैसे टाकते, साधारण चार हजार. विणकराला मोठी रक्कम द्यायची असेल तर ती मुख्य खात्यातून, नेटबँकिंगने, घरी शांत बसून.

आता एक बारीक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. यूपीआय अ‍ॅप तुमच्या मोबाइल नंबरवरून खातं शोधतं. मुख्य खात्यालाही तोच नंबर असेल तर तो फोन हाती लागलेला माणूस, त्या खात्याच्या कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत कळली की, ते खातंही यूपीआयला जोडून नवा पिन बनवू शकतो. ओटीपी त्याच फोनवर येतो ना! म्हणून मी मुख्य खात्याचा नंबर बदलला. घरात एक बटणांचा साधा फोन होता, त्यात वेगळं सिम घातलं आणि तो नंबर बँकेत जाऊन मुख्य खात्याला लावला. त्या फोनमध्ये ना इंटरनेट, ना अ‍ॅप. तो कपाटातच असतो. नेटबँकिंग करताना ओटीपी त्याच्यावर येतो आणि मी उठून कपाट उघडते. तेवढं उठणंसुद्धा कामाचं आहे, तेवढ्यात डोकं थंड होतं. फक्त त्या सिमचं रिचार्ज चुकवू नका. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो.

मुख्य खात्याच्या डेबिट कार्डाचं ऑनलाइन बटण बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२० पासून प्रत्येक बँकेला ही सोय द्यावी लागते: देशातलं, परदेशातलं, ऑनलाइन, नुसतं टेकवून चालणारं, असा प्रत्येक वापर तुम्ही स्वतः चालू-बंद करू शकता आणि मर्यादाही ठरवू शकता. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या भागात किंवा नेटबँकिंगमध्ये बघा. माझ्या मुख्य कार्डावर फक्त एटीएम चालू आहे. बटव्याच्या कार्डावर ऑनलाइन चालू आहे, मर्यादा ५,००० रुपये, आणि परदेशी वापर बंद. परदेशातल्या बऱ्याच दुकानांत ओटीपी न मागताच कार्ड चालतं, म्हणून ते बटण बंद ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. टेकवून चालणाऱ्या कार्डाला ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. ते कार्ड वापरत नसाल तर तेही बंद.

दूध, भाजी, रिक्षा यांसाठी यूपीआय लाइट चांगलं. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन न घालता जातात आणि त्यात एकूण ५,००० रुपयेच ठेवता येतात. मी हजारच ठेवते. शालिमारला रिक्षातून उतरताना, खांद्यावरून कुणीतरी डोकावत असताना पिन दाबावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

हे एवढं करायला एक शनिवार लागतो. बाकी काही वाचायला वेळ नसेल तर एवढं करा आणि थांबा.

पदर उलटून बघा

हातमागावरची पैठणी ओळखायची असेल तर मी गिऱ्हाइकाला पदर उलटून दाखवते. मोर असो नाहीतर मुनिया, मागची नक्षी पुढच्यासारखीच भरीव दिसते, कारण विणकराने प्रत्येक रंगाचा धागा जिथल्या तिथे गुंतवलेला असतो. मशीनच्या मालाला मागून लांबलचक सुटे धागे लोंबतात किंवा ते कापून टाकलेले असतात. पुढून दोन्ही सारख्याच झळकतात.

ऑनलाइन दुकानाचंही असंच आहे. पुढची बाजू म्हणजे फोटो, आणि फोटो कुणाचाही उचलता येतो. माझ्याच दुपट्ट्यांचे, माझ्याच गॅलरीच्या कठड्यावर टाकून काढलेले फोटो मी एका अनोळखी दुकानाच्या जाहिरातीत पाहिलेत, वर लिहिलेलं 'अस्सल येवला पैठणी फक्त ९९९'. शुद्ध रेशमाची हातमागावरची पैठणी विणायला आठवडे लागतात, कधी महिने. ९९९ मध्ये तर रेशीमही येत नाही. त्या दुकानातून माझ्याच गल्लीतल्या एका काकूंनी साडी मागवली. आलं ते गुलाबी पॉलिस्टरचं ओढणीएवढं कापड.

तर दुकान उलटून कसं बघायचं?

आधी पत्ता वाचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाची अक्षरं. नाव उजवीकडून डावीकडे वाचायची सवय लावा. सुरुवातीच्या 'https://' मधल्या दोन रेषा सोडून, त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच डावीकडे, डॉटच्या आसपास जे असतं ते खरं आडनाव. त्याच्या आधी कितीही मोठ्या दुकानाचं नाव लिहिलेलं असू दे, त्याला अर्थ नाही. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर भाळू नका. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या फोनपासून त्या वेबसाइटपर्यंतची वाट बंदिस्त आहे. वाटेच्या टोकाला कोण बसलंय हे ते सांगत नाही, आणि चोरालाही ते कुलूप फुकट मिळतं. बँकांच्या बाबतीत मात्र आता एक सोपी खूण झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' वर न्यायला सांगितलं. शेवट तसा नसेल तर तिथे एक अक्षरही टाइप करू नका.

मग दुकानाचा जीएसटी क्रमांक शोधा. बहुतेक खऱ्या दुकानांच्या पानाच्या तळाशी तो असतो. सरकारी जीएसटी पोर्टलवर तो टाकला की धंद्याचं कायदेशीर नाव आणि ठिकाण दिसतं, लॉगिनही लागत नाही. साड्यांचं दुकान म्हणवतं आणि नोंद भलत्याच नावाची, भलत्याच धंद्याची असेल तर विषय संपला. छोट्या घरगुती विक्रेत्यांकडे जीएसटी नसतो, माझ्याकडेही सुरुवातीला नव्हता. तिथे मी एक साधा उपाय सांगते: विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर माल दाखवायला सांगा, पदर उलटा करून. खरा विक्रेता आनंदाने दाखवेल.

नव्या दुकानाकडून पहिली खरेदी घरपोच पैसे देऊन करा. 'फक्त आगाऊ' म्हणणाऱ्या अनोळखी दुकानाला मी सोडून देते. महाग वस्तू असेल तर डिलिव्हरीवाल्यासमोर खोकं उघडता येतं का ते ऑर्डर करतानाच बघा. नाहीतर उघडताना सलग व्हिडिओ काढा, वरचं लेबल दिसेल असा. अशा डिलिव्हरीत जो ओटीपी देतात तो वस्तू बघितल्यावरच द्यायचा, दारातून 'आधी ओटीपी सांगा' म्हटलं तरी. आणि न मागवलेलं पार्सल कधी घेऊ नका. घरात ज्येष्ठ असतील तर त्यांना सांगून ठेवा की आज काय येणार आहे, किती द्यायचेत. आमच्याकडे फ्रिजवर चिठ्ठी असते.

सिंहस्थ जवळ आलाय, म्हणून एक जास्तीचं सांगते. प्रयागराजच्या २०२५ च्या कुंभात राहण्याच्या सोयीच्या खोट्या वेबसाइट निघाल्या होत्या आणि पोलिसांना इशारे द्यावे लागले होते. आपल्याकडे बाहेरगावचे नातेवाईक आत्ताच विचारू लागलेत, 'पंचवटीत एखादी खोली बघून ठेव गं'. त्यांना लिंक पाठवू नका. तुम्ही नाशकात आहात, चालत जा, धर्मशाळेच्या गादीवर बसलेल्या माणसाशी बोला, पावती घ्या.

ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायचा

आम्ही सगळ्याजणी त्यातले सहा आकडे तेवढे वाचतो. मेसेजमध्ये आणखी दोन गोष्टी असतात: किती रुपये आणि कुणाला. पाच रुपये भरताय आणि मेसेजमध्ये २४,९९९ लिहिलंय, तर तिथेच थांबता येतं. माझे मेसेज त्या अ‍ॅपने मला दिसण्याआधीच गिळले, पण बऱ्याच जणींना हा मेसेज दिसलेला असतो आणि घाईत वाचलेला नसतो. गटात मी हे मोठ्याने वाचायला लावते, शाळेतल्या धड्यासारखं. रक्कम, नाव, मग आकडे.

यूपीआयमध्येही तसंच. क्यूआर स्कॅन केल्यावर अ‍ॅप समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवतं. जून २०२५ अखेरपासून अ‍ॅपना हेच नाव दाखवावं लागतं, कुणी फोनमध्ये सेव्ह केलेलं किंवा स्वतःला ठेवलेलं दुसरं नाव चालत नाही. भाजीवाल्या मावशींना विचारा, 'नाव काय येतंय?' त्या सांगतात, मुलाचं किंवा नवऱ्याचं. जुळलं की पिन. मेन रोडवर एका दुकानाच्या क्यूआरवर कुणीतरी दुसरा कागद चिकटवून गेलं होतं, ते एका गिऱ्हाइकाने नाव वाचल्यामुळेच कळलं.

विकताना

यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीच असतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, 'एक रुपया पाठवून खातं तपासायला' लागत नाही. हे सगळ्यांना पाठ आहे, तरी बायका फसतात, कारण समोरचा माणूस वर्दीची भाषा बोलतो. आपल्या नाशकात तर हे हमखास चालतं. मला फोन आला होता: "मॅडम, मी देवळाली कॅम्पला पोस्टिंगवर आहे. बायकोसाठी दोन पैठण्या हव्यात. दर मान्य आहे." घासाघीस नाही, रंगाची चौकशी नाही. मी काठ विचारला, नारळी की मुनिया, तर म्हणाला, "जो असेल तो." तिथेच मला खटकलं. दोन पैठण्या घेणारा नवरा निदान बायकोला विचारून तरी सांगतो. मग ओळखपत्राचा फोटो आला, आणि मग, "आमच्याकडे पैसे वेगळ्या पद्धतीने येतात, तुम्ही हा क्यूआर स्कॅन करा, दुप्पट परत येतील." देवळालीत तोफखान्याचं मोठं केंद्र आहे, घराघरात कुणी ना कुणी लष्कराशी जोडलेलं आहे, म्हणून हे नाव पुढे करतात. मी म्हटलं, "भाऊ, देवळाली वीस मिनिटांवर आहे. संध्याकाळी येऊन बघून घ्या, चहाही घ्या." फोन बंद.

एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवर 'पैसे द्या' अशी विनंती पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे तो जुना खेळ संपला. क्यूआर आणि लिंकचा चालूच आहे.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. तो बनवणारी अ‍ॅप मिळतात. पैसे आल्याचा मेसेजही पुरावा नाही, तो कुणाच्याही साध्या नंबरवरून टाइप करून पाठवता येतो. मी बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक बघते, मगच पार्सलवर टेप लावते. 'चुकून पाचशेऐवजी पाच हजार गेले, जास्तीचे परत करा' असा रडवेला फोन आला तर म्हणायचं, "तुमच्या बँकेत तक्रार करा, बँक मला विचारेल, मी लगेच हो म्हणेन." आपण होऊन परत पाठवायचे नाहीत.

भाच्याने मला छोटी वेबसाइट बनवून दिली आहे. तिथे एकच नियम पाळला: गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर माझ्याकडे येताच कामा नये. पैसे भरायचं पान पेमेंट गेटवेचं, म्हणजे गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन माझ्या खात्यात जमा करणाऱ्या कंपनीचं, माझं नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना कार्डाचे आकडे साठवून ठेवायला मनाई आहे, त्याच्या जागी त्या दुकानापुरतं एक टोकन असतं. ते चोरीला गेलं तरी दुसरीकडे चालत नाही. ऑर्डर पक्की झाली की नाही हे मी गेटवेच्या हिशोबात बघते. गेटवेच्या खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन, म्हणजे पासवर्डानंतर आणखी एक कोड मागणारं, लावलंय, कारण तिथे कुणी शिरून बँक खाते क्रमांक बदलला तर महिन्याची विक्री दुसऱ्याच्या घरी जाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी आपणहून कार्डाचा फोटो पाठवला तर मी लगेच पुसते आणि त्यांनाही पुसायला सांगते.

फोन

अ‍ॅप फक्त फोनच्या अधिकृत स्टोअरमधून. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, गाडीचं चलान, वीजबिल अशा नावांनी येणाऱ्या फायलींच्या शेवटी 'डॉट एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, ते अ‍ॅप आहे. ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नका. त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो.

सेटिंगमध्ये परवानग्यांच्या भागात जाऊन 'एसएमएस' वर दाबा, कोणकोणती अ‍ॅप मेसेज वाचतात त्याची यादी येते. तशीच 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' ची यादी बघा. ती परवानगी मिळालेलं अ‍ॅप तुमच्या पडद्यावर बोटंसुद्धा फिरवू शकतं. ओळखीचं नसेल ते काढून टाका. स्क्रीन दाखवायला लावणारं अ‍ॅप कुणाही 'मदत करणाऱ्या'च्या सांगण्यावरून घालू नका.

सिमला पिन लावा. पडद्याचं कुलूप असलं तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याला मिळतात. सिमचा पिन असेल तर ते सिम दुसरीकडे चालत नाही. आधी कंपनीचा मूळ पिन विचारून घ्या, तीन वेळा चुकला तर सिम अडकतं. कुलूप लावलेल्या पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणार नाही असंही करून ठेवा.

ईमेलला विसरू नका. दुकानांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलतात, म्हणून सगळ्यात लांब पासवर्ड आणि दोन टप्प्यांचं लॉगिन तिथे हवं.

कस्टमर केअरचा नंबर कार्डाच्या मागे, पासबुकावर किंवा त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बघा. शोधून नको. बँकांच्या कामकाजाच्या कॉलसाठी आता १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवले आहेत, दहा आकडी साध्या मोबाइलवरून 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला उत्तरच देऊ नका.

पैसे गेलेच तर पहिला तास

आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर ठळक अक्षरांत १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची तक्रार द्यायचा सरकारी नंबर, त्याखाली दोन्ही बँकांचे कार्ड बंद करायचे नंबर, खाते क्रमांकांचे शेवटचे चार आकडे. पिन नाही, पासवर्ड नाही. घाबरलेल्या माणसाला शोधायला लावू नये म्हणून तो कागद.

आधी फोनचं इंटरनेट बंद. नवं अ‍ॅप घातलं असेल तर तो फोन वापरूच नका, दुसऱ्याच्या फोनवरून बोला. त्या दिवशी मी शेजारच्या वहिनींच्या फोनवरून १९३० लावला, लागेना, पुन्हा लावला, पाचव्यांदा लागला. ते विचारतात: बँक, खाते क्रमांक, किती वाजता, किती रुपये, आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयचा असा क्रमांक बारा आकडी असतो, अ‍ॅपच्या किंवा बँकेच्या नोंदीत सापडतो. तो हाताशी असेल तर पैसे ज्या खात्यात गेले तिथपर्यंत ते लवकर पोहोचतात आणि रक्कम पुढे उडायच्या आत अडवता येते. लगोलग बँकेला फोन करून कार्ड आणि यूपीआय बंद, तक्रार क्रमांक लिहून घ्या, वेळही लिहा.

वेळ लिहायची ती यासाठी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, तुमची काही चूक नसताना मधल्या यंत्रणेतून पैसे गेले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. ४ ते ७ कामाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. पण माहिती स्वतःच दिलेली असेल, माझ्यासारखी, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतरचं मात्र बँकेचं. म्हणून 'आधी ह्यांना येऊ दे, मग बघू' असं कधीच करू नका. कितीतरी बायका नवरा रागावेल म्हणून संध्याकाळपर्यंत गप्प बसतात आणि तेवढ्यात उरलेलं जातं. घरातल्या पुरुषांना माझी विनंती आहे, त्या तासात एक शब्दही बोलू नका, नंबर लावून द्या.

मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर लेखी तक्रार. मेसेज, कॉलची यादी, लिंक, काहीही पुसू नका, सगळ्याचे फोटो दुसऱ्या फोनने काढा. बँकेतही लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. सगळी नोंद झाल्यावर फोन पूर्ण पुसून नव्याने चालू करा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

माझे १९,९०० अडवले गेले. ते हातात यायला कोर्टाचा आदेश लागला आणि कितीतरी महिने. २४,९९९ गेले ते गेले.

आणि त्यानंतर दोन महिन्यांनी एक फोन येतोच. 'तुमची सायबर तक्रार आमच्याकडे आहे, पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा.' मलाही आला. त्याला माझा तक्रार क्रमांकही माहीत होता. मी कपाटाचं दार उघडलं, कागद बघितला, आणि त्याला म्हटलं, "मी १९३० ला फोन करून विचारते." त्याने पुढचं ऐकलं नाही. त्या कागदावर आता खाली एक ओळ वाढवली आहे: पैसे परत मिळवायला पैसे लागत नाहीत.